आपल्या भागातल्या प्रौढांसाठी कोलेस्टेरॉलची रेंज ठरवायची असेल तर

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझी लॅब आहे. लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या मेदाच्या तपासणीच्या, रिपोर्टवर आम्ही किटसोबत येणाऱ्या कागदावरची रेंज छापतो. ती परदेशातल्या लोकांवरून आलेली आहे. आमच्या जुन्या शिबिरांचा डेटा काढून पाहिला तर इथे एकूण कोलेस्टेरॉलची वरची मर्यादा दोनशेच्या बरीच पुढे जाते आणि एचडीएलची (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलची) खालची मर्यादा चाळीसच्या बरीच खाली येते. रिपोर्टवर खुणा पाहून लोक घाबरतात. मग आमच्या भागातल्या निरोगी प्रौढांची वेगळी रेंज काढून तीच छापावी का? किती लोक लागतील, आणि ते निवडायचे कसे?

उत्तर :

डॉक्टर, रेंज जरूर काढा. पण कोलेस्टेरॉलच्या बाबतीत काढलेली रेंज रिपोर्टवर ‘नॉर्मल’ म्हणून छापू नका. या दोन वाक्यांचा मेळ कसा बसतो ते आधी सांगतो, कारण तो बसला नाही तर पुढची सगळी मेहनत भलत्या कामी लागते. (खालचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहेत, वेगळे असेल तिथे तसे लिहिले आहे.)

सोडियम, कॅल्शियम, हिमोग्लोबिन यांची रेंज काढताना आपण निरोगी माणसे घेतो, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावतो, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के बाजूला काढतो आणि मधल्या ९५ टक्क्यांना संदर्भ मर्यादा म्हणतो. यात एक गृहीत आहे : समाजातल्या बहुतेक निरोगी माणसांत ती गोष्ट जशी असते तशीच ती असायला हवी. सोडियमला हे चालते, कारण शरीर ते घट्ट धरून ठेवते. माणूस भाकरी खातो की पाव, यावरून सोडियम फारसे हलत नाही. कोलेस्टेरॉलचे तसे नाही. खाणे, वजन, हालचाल यांच्याबरोबर अख्ख्या समाजाची सरासरीच वर सरकू शकते, आणि धमन्यांत मेद साचत असतानाही माणूस वीस-पंचवीस वर्षे धडधाकट दिसतो. अशा माणसाला आपण प्रश्नावली भरून घेऊन ‘निरोगी’ गटात बसवतो आणि त्याच्या आकड्यावरून इतरांसाठी मर्यादा आखतो.

याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण फिनलंडचे आहे. योगायोग असा की ‘नॉर्मल व्हॅल्यू’ ऐवजी ‘संदर्भ मूल्य’ ही शिस्तशीर कल्पना याच देशातून आली. राल्फ ग्रेसबेक आणि सारिस यांनी ती १९६९ मध्ये मांडली, आणि आज आपण वापरतो ती सगळी पद्धत त्या कल्पनेवर उभी आहे. त्याच काळात फिनलंडच्या पूर्वेकडच्या उत्तर करेलिया प्रांतात चाळिशी-पन्नाशीचे पुरुष हृदयविकाराने इतक्या संख्येने जात होते की लोकांनीच १९७१ मध्ये सरकारकडे अर्ज केला. १९७२ मध्ये तिथे प्रकल्प सुरू झाला, पेक्का पुस्का त्याचे प्रमुख. सुरुवातीच्या पाहणीत पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल २६५ च्या आसपास भरले. सरासरी, वरची मर्यादा नव्हे! त्या प्रांतातल्या लॅबने तेव्हा स्थानिक, बिनआजारी, काम करणारे पुरुष घेऊन मधल्या ९५ टक्क्यांची रेंज काढली असती, तर वरची रेषा तीनशेच्याही बरीच पुढे गेली असती. गणित चोख, पद्धत चोख, आणि रिपोर्ट हातात घेऊन तरुण माणसे मरत राहिली असती. पुढे तिथे लोणी कमी झाले, साय असलेले दूध कमी झाले, वनस्पती तेल आले, कोलेस्टेरॉल उतरले. कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू चार दशकांत ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. अर्थात त्यात धूम्रपान आणि रक्तदाब यांचाही वाटा आहे. पण ‘आमच्याकडे सगळ्यांचेच एवढे असते’ या वाक्याची किंमत किती असू शकते, ते तिथे दिसले.

दुसरा पुरावा अमेरिकेतला. एमआरफिट या हृदयविकार टाळण्याच्या मोठ्या चाचणीसाठी तपासलेल्या ३,५६,२२२ पुरुषांचा पाठपुरावा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचा आलेख सतत चढता निघाला. अमुक आकड्यापर्यंत धोका नाही आणि तिथून पुढे आहे, अशी पायरी कुठेच सापडली नाही. त्याआधीच्या काळात लॅबच्या रिपोर्टवर अडीचशे किंवा त्याहूनही पुढचा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापला जाई. १९८८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाने दोनशेच्या आत इष्ट, २०० ते २३९ सीमारेषेवर, २४० पासून जास्त अशा पातळ्या दिल्या. या पातळ्या म्हणजे कोणाचे ९५ टक्के नव्हेत. कुठे थांबून माणसाशी बोलायचे, कुठे औषधाचा विचार करायचा, याच्या त्या निर्णय-पातळ्या आहेत. तुमच्या रिपोर्टवरचे ‘दोनशेपर्यंत’ हे किटबरोबर परदेशातून आलेले दिसत असले तरी ती परदेशी लोकांची संदर्भ मर्यादा नाही. तिथल्या लोकांची मर्यादा दोनशेच्या खूप वर जाते. म्हणून ‘त्यांची दोनशे, आमची वेगळी’ असा प्रश्नच इथे उभा राहत नाही.

आता अभ्यास कसा करायचा ते.

माणसांची निवड हाच या कामाचा गाभा आहे. निम्मा वेळ इथे जाऊ द्या. शिबिराचा डेटा वापरू नका, निदान या कामासाठी तरी नको. शिबिराला कोण येते? ज्याला साखर असल्याचे माहीत आहे, ज्याच्या घरात नुकतेच कोणी अटॅकने गेले, ज्याला छातीत जळजळ होते. जो धडधाकट आहे तो त्या वेळी शेतात किंवा कामावर असतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि रक्तदाते घेतले की उलटी पंचाईत होते, सगळे विशी-पंचविशीतले. मतदार यादीतून किंवा ग्रामपंचायतीच्या घरयादीतून वय आणि लिंग पाहून नावे काढणे आणि घरी जाऊन बोलावणे, हाच खरा मार्ग. आशाताईंची मदत मिळाली तर हे काम निम्मे होते.

बोलावलेल्यांपैकी कोणाला वगळायचे ते आधी कागदावर लिहून ठेवा. निकाल पाहून नंतर माणूस काढायचा नाही. मधुमेह, थायरॉइड कमी असणे, मूत्रपिंडाचा विकार आणि विशेषतः लघवीतून प्रथिने जाणे, यकृताचा विकार, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे काही महिने, स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, रोजचे मद्यपान, गेल्या काही आठवड्यांतला मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा अपघात. तीव्र आजारात कोलेस्टेरॉल उतरते, म्हणून नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाचा आकडा फसवा असतो. नुसते विचारून भागत नाही. टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांच्या साखरेसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि लघवीतली प्रथिने प्रत्येकाची करा. मधुमेह असलेल्या अनेकांना तो आहे हेच ठाऊक नसते. थायरॉइड कमी असलेल्या बायका ‘जरा थकवा येतो’ एवढेच सांगतात आणि त्यांचे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) चांगलेच वर असते.

औषधांबद्दल एक गोष्ट खास सांगतो. ‘कोलेस्टेरॉलची गोळी घेता का?’ असे विचारले की काका ‘नाही’ म्हणतात, आणि ते खरे बोलत असतात. पुढे विचारले तर म्हणतात, ‘रक्त पातळ व्हायची एक कॅप्सूल आहे फक्त, रात्री जेवल्यावर.’ त्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिनसोबत अटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन गटातले औषध असते. अशी जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. अशी पाच-सात माणसे तुमच्या गटात शिरली की खालची मर्यादा खोटी होते. म्हणून बोलावतानाच सांगा, सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा. काढे, चूर्णे, ‘वजन कमी व्हायची’ पावडर, तीही. पाकीट स्वतः वाचा.

वजनाची चाळणी परदेशी लावू नका. आपल्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या आत आणि कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हे निकष आहेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय शरीराकडे लक्ष वेधले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ट्रायग्लिसराइड (रक्तातला आणखी एक मेद) आणि एचडीएल या चरबीशी, विशेषतः पोटाच्या चरबीशी, बांधलेले असतात. तेव्हा वजनकाट्यावर ‘निरोगी’ ठरलेला माणूस लिपिडच्या दृष्टीने निरोगी असेलच असे नाही. कंबर मोजाच. टेप बेंबीवरून अंदाजाने लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, आणि सगळ्यांची एकाच माणसाने.

इतक्या चाळण्या लावल्या की पन्नाशीच्या पुढच्या गटात हाती फार कमी माणसे उरतील. त्याने नाउमेद होऊन चाळण्या सैल करू नका. किती जणांना बोलावले, किती जण कोणत्या कारणाने गळाले, हा तक्ता स्वतःच तुमच्या तालुक्याबद्दल फार मोलाचे सांगतो. मला तर अशा अभ्यासात तो तक्ता शेवटच्या रेंजइतकाच महत्त्वाचा वाटतो.

नमुना घेण्याबद्दल थोडे. रात्रभर उपाशी, दहा ते बारा तास. सकाळी ‘काही खाल्ले का?’ असे विचारू नका, ‘चहा घेतला का?’ असे विचारा. दूध-साखरेचा चहा आपल्याकडे खाण्यात धरत नाहीत. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आठवड्यांत नमुने घेऊ नका. आणि माणसाला बसवा. शिबिरात लोक तासभर रांगेत उभे असतात, नंबर आला की खुर्चीत टेकतात आणि लगेच सुई लागते. उभे राहिल्यावर रक्तातले पाणी पायांकडच्या ऊतींत उतरते आणि मोठे कण रक्तात दाट होतात. आडवे असताना आणि उभे असताना घेतलेल्या नमुन्यांत कोलेस्टेरॉलचा फरक दहा टक्क्यांच्या आसपास पडू शकतो. दोनशेच्या माणसाला तो वीसने फिरवतो. निदान पाच मिनिटे, जमल्यास पंधरा मिनिटे बसू द्या, दंडाची पट्टी मिनिटाच्या आत सोडा, सगळ्यांचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळे होणारे पाणी) घ्या. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमधल्या प्लाझ्मात आकडा सुमारे तीन टक्क्यांनी कमी येतो, म्हणून अर्ध्या लोकांचे सीरम आणि अर्ध्यांचा प्लाझ्मा अशी खिचडी नको.

आता मशीन. ‘आमच्या भागातली रेंज वेगळी आहे’ असे म्हणण्याआधी ‘आमचे मशीन वेगळे वाचत नाही ना’ हे तपासावे लागते. एकूण कोलेस्टेरॉलसाठी झुकाव (खऱ्या मूल्यापासून सतत एकाच बाजूला पडणारा फरक) तीन टक्क्यांच्या आत आणि पुनरावृत्तीतला फरकही तीन टक्क्यांच्या आत असावा, हा जुना आणि अजून चांगला निकष आहे. झुकाव पाच टक्के वर असेल तर खरे १९५ असलेला माणूस २०५ वाचला जातो, आणि तुमच्या अभ्यासाची अख्खी रेंज तेवढीच वर सरकते. मग ती तालुक्याची रेंज नाही, ती कॅलिब्रेटरची (ज्या प्रमाण द्रवावरून मशीनचे माप लावतात त्याची) रेंज आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेत तुम्ही असाल, तर गेल्या वर्षभराचे निकाल एका कागदावर काढा आणि तुमचे आकडे सतत एकाच बाजूला पडताहेत का ते पाहा. मात्र तिथली तुलना तुमच्याच पद्धतीच्या इतर लॅबच्या सरासरीशी असते. सगळ्यांचेच किट एका बाजूला झुकलेले असेल तर ते त्यात कळत नाही. कंपनीच्या माणसाकडून कॅलिब्रेटरचे मूल्य कोणत्या संदर्भ पद्धतीपर्यंत पोहोचते त्याचा कागद मागून घ्या. देतात, फक्त मागावा लागतो. अभ्यास चालू असेपर्यंत शक्यतो एकच रिएजंट लॉट (तपासणीच्या रसायनाची एकच खेप) ठेवा.

एलडीएल तुम्ही बहुधा फ्रिडेवाल्डच्या १९७२ च्या सूत्राने काढत असाल : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेले की ते वापरायचे नाही, हे सगळ्यांना माहीत असते. पण चारशेच्या खालीही, ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एलडीएल कमी असेल तेव्हा, हे सूत्र एलडीएल खरे असते त्यापेक्षा कमी दाखवते. आपल्याकडे नेमके असेच रिपोर्ट भरपूर येतात. समजा एकूण १९०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१०. एलडीएल आले ११०, माणूस खूश. पण एकूणमधून फक्त एचडीएल वजा केले तर नॉन-एचडीएल १५२ येते, आणि ते १३० च्या आत हवे असते. याला वेगळा खर्च नाही, उपाशी राहण्याचीही गरज नाही. अभ्यासात आणि रोजच्या रिपोर्टवर नॉन-एचडीएल असू द्या. २०१३ चे मार्टिन-हॉपकिन्स सूत्र तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवता आले तर आणखी बरे. थेट मोजलेले आणि सूत्राने काढलेले एलडीएल मात्र एकाच रेंजमध्ये मिसळू नका.

किती माणसे? ज्या गटाची स्वतंत्र मर्यादा हवी त्या प्रत्येक गटात किमान १२०, तीही सगळ्या चाळण्यांतून उरलेली. पुरुष १२०, स्त्रिया १२० ही सुरुवात. एचडीएलसाठी हे दोन गट वेगळे हवेतच. स्त्रियांत पाळी थांबण्याआधी आणि नंतर असा भेद करायचा तर आणखी १२०. आकड्यामागचे कारण साधे आहे. १२० मूल्ये चढत्या क्रमाने लावली की खालून तिसरे मूल्य ही खालची मर्यादा आणि ११८ वे ही वरची. पण त्या ११८ व्या मूल्याची ९० टक्के विश्वास-कक्षा (खरी मर्यादा जिथे असण्याची ९० टक्के खात्री तो पट्टा) ११४ व्या मूल्यापासून १२० व्या मूल्यापर्यंत पसरते. म्हणजे वरच्या सहा-सात माणसांनी तुमची मर्यादा ठरवली. साठ माणसांत हे काम केले तर एखाद्या काकांच्या आकड्यावर तालुक्याची रेंज टांगलेली असते. ही कक्षा मर्यादेसोबत प्रत्येक वेळी लिहा.

सरासरी अधिक-वजा दोन प्रमाण विचलन (मूल्ये सरासरीपासून किती पसरली त्याचे माप) हे सूत्र ट्रायग्लिसराइडला लावू नका. कितीतरी प्रबंधांत ते लावलेले पाहतो. सरासरी १५० आणि विचलन ८० असेल तर रेंज उणे १० ते ३१० अशी येते, आणि उणे दहा ट्रायग्लिसराइड कोणाच्या रक्तात नसते. या मूल्यांचा ढीग एका बाजूला लांब शेपटी काढतो. क्रम लावून मोजा, किंवा आधी लॉगरिदम घ्या.

टोकाच्या मूल्याचे काय करायचे, यासाठी डिक्सनची कसोटी सोपी आहे. सगळ्यात वरचे मूल्य आणि त्याच्या खालचे मूल्य यांतले अंतर एकूण पसाऱ्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर ते मूल्य बाजूला काढायचे. समजा सगळ्यात कमी ११२, सगळ्यात जास्त ३५२, आणि त्याच्या खालचे २६८. अंतर ८४, पसारा २४०, गुणोत्तर ०.३५. काढा. पण एक्सेलमधली ती ओळ पुसण्याआधी त्या माणसाला फोन करा. टीएसएच, लघवी, औषधे सगळे ठीक असूनही कोलेस्टेरॉल साडेतीनशे असेल, तर घराण्यात चालत आलेल्या कोलेस्टेरॉलचा विचार करायलाच हवा. जगभरात साधारण २५० ते ३०० जणांमागे एकात तो जनुकीय दोष असतो, आणि बहुतेकांना पहिला अटॅक येईपर्यंत पत्ता नसतो. टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) जाड लागते का पाहा, वडील, काका, मामा कोणत्या वयात गेले ते विचारा, मुलांची तपासणी करायला सांगा. तुमच्या रेंजमध्ये त्या माणसाला जागा नाही, पण तुमच्या अख्ख्या अभ्यासात ज्याचा जीव वाचू शकतो तो बहुधा तोच आहे.

छोट्या लॅबला यातला कमी खर्चाचा रस्ताही माहीत असावा. दुसऱ्या लॅबने नीट काढलेली रेंज असेल आणि तुमची पद्धत तीच असेल, तर वीस निरोगी माणसे तपासा. दोनपर्यंत बाहेर पडली तर रेंज स्वीकारा, तीन किंवा जास्त पडली तर नवी वीस घ्या. मात्र ही कसोटी संदर्भ मर्यादेची आहे, निर्णय-पातळीची नव्हे. वीसपैकी सहा जण दोनशेच्या वर निघाले म्हणून दोनशे चुकीचे ठरत नाही. जुन्या रुग्णांच्या हजारो रिपोर्टांतून गणिताने रेंज काढायच्या पद्धतीही आहेत. लिपिडसाठी मी त्या वापरणार नाही. त्या ढिगात मधुमेही आणि स्टॅटिन घेणारे इतके असतात की कुठलेही सॉफ्टवेअर त्यांना वेगळे काढू शकत नाही.

आता रिपोर्टवर काय छापायचे. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, नॉन-एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांच्यासमोर निर्णय-पातळ्याच छापा, आणि त्या कोणाच्या ते लिहा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये आपल्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत : कमी धोका असलेल्या सर्वसाधारण माणसाचे एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत, मधुमेह किंवा रक्तदाबासारखा धोका असलेल्यांचे एलडीएल ७० च्या आत, अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या माणसांचे ५५ च्या आत. म्हणजे एकच आकडा सगळ्यांना लागू नाही. ९५ एलडीएल एका माणसाला उत्तम आणि अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला जास्त. त्यामुळे रिपोर्टवर नुसती एक खूण टाकून भागत नाही, दोन ओळींचा तक्ता लागतो.

एकूण कोलेस्टेरॉलची खालची मर्यादा छापूच नका. काही जुन्या किटांवर दीडशेपासून सुरू होणारी रेंज असते. अंगमेहनत करणाऱ्या, साधे खाणाऱ्या माणसाचे १२५ आले आणि समोर ‘कमी’ अशी खूण पडली की तो तूप वाढवायला लागतो. फारच कमी आकडा आणि सोबत वजन घटणे, ताप, कावीळ, धडधड असेल तर क्षयरोग, यकृत, वाढलेले थायरॉइड यांचा विचार करायचा. ते डॉक्टरने करायचे, छापलेल्या खुणेने नव्हे.

वयानुसार वरची मर्यादा वाढवत नेणेही टाळा. डेटात ती वाढताना दिसेल. ‘पंचावन्नाव्या वर्षी एवढे असायचेच’ असे छापले की आपण उत्तर करेलियाचाच हिशेब पुन्हा मांडतो.

एचडीएलचा पेच मात्र खरा आहे, आणि तिथे तुमच्या स्थानिक रेंजचा सर्वांत जास्त उपयोग आहे. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडबरोबर महाराष्ट्रही होता. पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० ही पातळी धरली तर ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी निघाले. जास्त एकूण कोलेस्टेरॉल १३.९ टक्क्यांत, जास्त ट्रायग्लिसराइड २९.५ टक्क्यांत. चारपैकी जवळजवळ तिघांच्या रिपोर्टवर खूण पडत असेल तर त्या खुणेतून काही कळेनासे होते. तुम्ही म्हणता ती लोकांची भीती बहुतांशी इथून येते. दुसरीकडे, औषधाने एचडीएल वाढवून उपयोग होत नाही हे बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. टॉर्सेट्रापिब हे औषध एचडीएल भरपूर वाढवत होते, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाल्याने २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. २०१७ मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांची पाहणी आली. त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम (मेद साचल्याची खूण) आजवरच्या पाहण्यांत सर्वांत कमी आढळले, एलडीएल सरासरी ९१ होते, आणि एचडीएल अवघे ३९.५. एचडीएल कमी असणे हे आपल्याकडे बहुतेकदा पोटाची चरबी, बैठे काम आणि चढलेले ट्रायग्लिसराइड यांचे चिन्ह आहे. ते एकटे वाचू नये.

म्हणून मी असे करीन : एचडीएलसमोर ४० आणि ५० या पातळ्या राहू देईन, ठळक खूण काढून टाकीन, आणि त्याखाली तुमच्या अभ्यासातली पुरुष-स्त्रियांची वेगवेगळी मधली किंमत आणि ९५ टक्क्यांची कक्षा ‘या भागातील तपासलेल्या निरोगी प्रौढांत आढळलेली’ असे स्पष्ट लिहून देईन. फिजिशियनला त्यातून कळते की समोरच्या बाईंचे ४२ इथल्या मानाने नेहमीचे आहे, आणि २४ असेल तर काही वेगळे शोधायला हवे. एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएलच्या स्थानिक कक्षा रिपोर्टवर नकोत. त्या तुमच्या फाइलमध्ये, लेखात आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर असू द्या. पाच-सात वर्षांनी हाच अभ्यास त्याच पद्धतीने पुन्हा केलात तर तालुका कोणत्या बाजूला सरकतोय ते दिसेल, आणि तशी माहिती आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे.

परदेशातून मुलगा-मुलगी आईवडिलांचा रिपोर्ट मागवतात तेव्हा युनिटचा घोळ होतो. तिकडे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटर असतात. कोलेस्टेरॉलला ३८.६७ ने आणि ट्रायग्लिसराइडला ८८.५७ ने भागा. दोनशे म्हणजे ५.२. तळटीप म्हणून छापायला हरकत नाही.

एथिक्स कमिटीची परवानगी आणि मराठीतले संमतिपत्र नमुने घेण्याआधी हवे. संमतिपत्रात लिहा की निकाल प्रत्येकाला घरपोच मिळेल, आणि तो द्याच.

राहिला जुन्या शिबिरांचा डेटा. तो टाकून देऊ नका. त्यातून एकच गोष्ट काढा : ज्यांचे एलडीएल १९० च्या वर किंवा ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर होते त्यांची यादी. त्यांच्यापैकी किती जणांना कोणी परत बोलावले ते रजिस्टरवरून पाहा, आणि ज्यांना बोलावले नाही त्यांच्यापासून नव्या अभ्यासाच्या फोनची सुरुवात करा.